अगहन आणि मार्गशीर्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्रिपुरी पौर्णिमेच्या कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी आम्हां उभयतांना बोलावताना एवढेच सांगितले होते, की शेतावर राहणारे कुटुंब मंडळात तुमचेच, तेव्हा शेतावरच्या चार गोष्टी सांगा. विषयाचे नाव म्हणून आम्ही 'अगहन आणि मार्गशीर्ष' असे कळविले. त्यावर कोणीसे विचारले म्हणे, की हे दोन्ही महिने एकच नव्हेत काय? एक आहेत, आणि नाहीतही. आज त्रिपुरी पौर्णिमा. आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिकाचा अर्धा महिना अजून शिल्लक आहे. परंतु कुम्हारीच्या आमच्या शेजाऱ्यांचा कार्तिक आज संपतो. त्यांची ही 'कार्तिक पुन्नी'. पहाटेपासून माणसे खारून नदीवर, महादेवघाटाच्या मेळ्याला गेलेली आहेत. उद्या सूर्य उगवेल तो त्यांच्या अगहनात. ते महिना पौर्णिमेला संपवितात, आपण अमावास्येला. त्यामुळे शुक्लपक्ष तेवढा दोघांचा एक, आणि कृष्णपक्षाला नावे दोन.

हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही. तो घरात शिरला म्हणजे कळतो. आपल्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत असते. येथेही अगहनाच्या गुरुवारी घरोघर लक्ष्मीची पूजा होते. आदल्या संध्याकाळी अंगण शेणाने सारवावयाचे, भिजविलेल्या तांदळाची पिठी वाटून चौक रेखावयाचा, आणि फाटकापासून धान्याच्या कोठीपर्यंत लक्ष्मीची पावले काढावयाची. आमच्या शेजारच्या वृद्ध दाईंनी आम्ही नवे होतो त्या वर्षी आपल्या अंगणातली पावले संपवून बिनबोभाट आमच्या अंगणात सुरू केली. 'अजून आमचा महिना लागला नाही,' असे त्यांना सांगून पाहिले. दाई म्हणाल्या, धान तर घरात आले ना? यावर उत्तर नव्हते. तेव्हापासून आमच्या घरी बहुधा सहा गुरुवार होतात : पहिले दोन दाईंचे, मधले दोन दोघांचे, शेवटचे दोन आमचे. कलश, नारळ आणि पोथी आमची. पिठीची पावले त्यांची. लक्ष्मीची अद्याप कोणत्याच पंचांगाबद्दल तक्रार आलेली नाही.

'अगहन' हे मूळ 'आग्रहायण'. अग्र म्हणजे आरंभ, हायन म्हणजे वर्ष; कोणे एके काळी वर्षाचा आरंभ येथून मोजीत. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष असल्याचे सांगितले आहे. आमची तरुणपणी अशी समजूत होती, की वसंताचा चैत्र सोडून हा थंडीचा महिना का निवडला, याचे कारण टीकाकारांनाच ठाऊक. कुम्हारीला राहावयास गेल्यावर कारण शोधण्याची गरज वाटेनाशी झाली.

आम्ही तेथे कसे गेलो, ते थोडक्यात सांगून मोकळे होतो. छत्तीसगडात मराठी माणसे तीन वेळा आली. बिंबाजी भोसल्यांबरोबर अठराव्या शतकात रतनपुरास आली. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना कचेऱ्यांतून, शाळांतून आली. आणि तिसऱ्यांदा भिलाईच्या पोलादाने बोलावली. आमचे वडील तिसऱ्या लाटेतले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा ते कारखान्यात नव्याने लागलेले होते. मूळ गाव भंडाऱ्याकडचे, म्हणजे धानाच्या मुलखातले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून त्यांनी १९९१ साली कुम्हारीच्या शिवारात साडेतीन एकर धानाची जमीन, एक विहीर आणि दोन खोल्यांचे कौलारू घर घेतले. ते गेल्यानंतर, आमच्याही निवृत्तीनंतर, आम्ही सेक्टरमधील घर सोडून तेथे कायमचे राहावयास गेलो. एका बाजूला मुंबई-हावड्याचा लोहमार्ग, दुसरीकडे रायपूर-भिलाईचा हमरस्ता, आणि पूर्वेला खारून. जागा एकांतातली मुळीच नाही. जी निःशब्दता म्हणून आम्ही सांगणार आहोत, ती या दोन रस्त्यांच्या मधोमधची आहे.

थंडीची पहिली वर्दी नाकाला मिळते. गोऱ्ह्यांच्या गोठ्यातला आणि चुलीचा धूर पावसाळ्यात वर जातो आणि विरतो. कार्तिक उतरणीला लागला, की एका संध्याकाळी तो वर जातच नाही. घराच्या आढ्याएवढा चढतो आणि तेथे कोणीतरी छत घातल्याप्रमाणे आडवा पसरतो. शिवारभर एक निळसर रेघ उभ्या धानावर तरंगत राहते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, म्हणजे रात्री जमीन आपली ऊब झपाट्याने आकाशाला देऊन टाकते. तिला लागून असलेली हवा गार, आणि तिच्यावरची हवा तुलनेने उबदार, अशी उलटी रचना होते. धुराला त्या उबदार थराच्या वर जाता येत नाही. आवाजाचेही तसेच. वर निसटू पाहणारा आवाज या थरातून वाकून पुन्हा खाली येतो. एरवी आम्हांला न ऐकू येणारे चरोद्याच्या मार्शलिंग यार्डातले डबे जोडल्याचे खणखण आवाज अगहनातल्या रात्री उशाशी ऐकू येतात. पश्चिमेला कधी क्षितिज तांबूस उजळते. भट्टीची तापलेली मळी ओतली जात असते. वडील होते तोवर ते अंगणात उभे राहून ती लाली पाहत आणि कोणत्या पाळीची ओतणी असावी, याचा अंदाज बांधीत.

पहाटे दहिवर. आपण 'दव पडते' म्हणतो, पण ते पडत नाही. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी रात्ररात्र बागेत बसून लोकरीचे पुंजके उघड्यावर आणि आडोशाला ठेवून तोलले, आणि १८१४ साली निबंध लिहून सिद्ध केले, की आकाशाकडे तोंड करून गार झालेल्या वस्तूवर हवेतलीच वाफ जागच्या जागी थिजते. म्हणून छपराखालच्या खाटेवर दव नसते आणि अंगणातली खाट ओलीचिंब असते. हे आम्हांला मान्य होते. परंतु ओसरीत, पक्क्या छपराखाली, कुंडीत लावलेला एक अळू आहे. येथे त्याला कोचई म्हणतात. आजूबाजूला सर्व कोरडे असताना त्याच्या प्रत्येक पानाच्या टोकाला रोज पहाटे एकेक टपोरा थेंब लोंबत असे. पान कोरडे, टोक ओले. आठ दिवस आम्ही वरच्या कौलांत गळती शोधली. अखेर रायपूरच्या कृषिविद्यापीठात शिकलेल्या एका तरुण शेजाऱ्याने उलगडा केला. दिवसा झाडाची पाने पाणी उडवून टाकतात. रात्री ते काम थांबते. मुळे मात्र ओल्या मातीतून पाणी घेतच राहतात, आणि ते चढते पाणी पानाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म रंध्रांतून बाहेर येते. तो थेंब आकाशाचा नव्हे. तो मातीतून आलेला. बांधावरच्या गवताच्या पात्यांवर पहाटे अगदी टोकाशी बसलेले मणी दिसतात, त्यांतले पुष्कळ याच जातीचे असतात. त्यानंतर आम्हांला एक छंदच लागला : आकाशाचे थेंब कोणते आणि जमिनीचे कोणते, हे ओळखावयाचे. सारे पान ओले असेल तर दहिवर. टोकाला एकच मोती असेल तर मुळांची रात्रपाळी. भिलाईच्या माणसाला हा शब्द निराळा समजावून सांगावयास नको.

थेंबांच्या जोडीला जाळी. कापणी झालेल्या बांधीत सूर्य तिरपा असताना पाहिले, तर धसकटांवरून धसकटांवर अक्षरशः हजारो तंतू ताणलेले दिसतात; उन्हे चार बोटे चढली, की नाहीसे. हे धानातल्या लहानग्या कोळ्यांचे काम. पिले धसकटाच्या टोकावर चढतात, पोट वर करतात, हवेत एक धागा सोडतात आणि त्याच्यासकट उडून जातात. ती नुसत्या वाऱ्यावर उडतात, अशी जुनी समजूत होती. हवेतील विद्युत्क्षेत्रदेखील त्यांना उचलते, असे ब्रिस्टल विद्यापीठातल्या मॉर्ले आणि रॉबर्ट यांनी २०१८ साली दाखविले. वारा पूर्ण बंद केलेल्या पेटीतही त्यांचे कोळी उडाले. आम्ही उभयतां एका पहाटे धुऱ्यावर बसून हे पाहत होतो. पाऊण तास कोणी कोणाशी बोलले नाही. आमच्या संसारात हा प्रकार क्वचितच घडतो, हे येथे बसलेले आमचे जुने शेजारी सांगतील.

धानाच्या कणसांची जाळीदार विणलेली झालर या दिवसांत येथे दारावर टांगतात. तिला 'फाता' म्हणतात. 'चिरई चुगनी' असेही म्हणतात, म्हणजे पाखरांचे टिपणे. कोकणात दसऱ्याला दारावर नवे बांधतात, त्याच्या जवळचे हे. फरक एवढाच, की ही झालर पाखरांनी खाऊन संपवावी, यासाठीच टांगलेली असते. चिमण्या महिनाभर ती सोलतात आणि उंबऱ्यावर टरफले पडतात. ती कोणी झाडून काढू लागले, की दाई रागावतात. हिमालयापलीकडून येणारा करडापांढरा धोबी पक्षीही याच सुमारास अंगणात शेपूट हलवीत फिरू लागतो. तो कोणाकडे काही मागत नाही; किडे टिपतो आणि फाल्गुनात निघून जातो.

परंतु या सर्वांहून आम्हांला जे अद्भुत वाटते, ते आहे उतेरा. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना हे नवीन नाही. तिकडेही धानाच्या बांधीत लाखोळी अशीच टाकतात. येथे लाखोळीला तिवरा म्हणतात. धान उभे असते, कणसे भरत आलेली असतात, पाणी उतरून गेलेले असते, पण पायाखालचा चिखल अजून ओला असतो. कापणीला साधारण तीन आठवडे असताना त्या उभ्या पिकातून चालत जाऊन मुठीमुठीने तिवऱ्याचे बी फेकावयाचे. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणीही नाही. भाटा किंवा मटासी जमिनीत हे जमत नाही. ओल धरून ठेवणारी डोरसा किंवा कन्हारच लागते. बी धानाच्या सावलीत, कोणाला न दिसता, रुजते. मग बाया विळे घेऊन कापणीला येतात, धसकट किंचित उंच ठेवतात, धानाचे पुंजके म्हणजे 'करपे' मागे मांडीत जातात. ते उचलून भारे बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, नेले, की पिवळ्या धसकटांच्या तळाशी हिरवी लव उघडी पडते. पायांखाली दबलेली रोपे दोन दिवसांत मान वर करतात. हे पहिल्याने पाहणाऱ्या माणसाला वाटते, की रान रिकामे झाले. आणि वाकून पाहतो तो, रान भरलेले असते. पुढे तीन महिने हे पीक केवळ धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दहिवरावर जगते.

या गरीब कडधान्याची बदनामीही पुष्कळ झाली. त्याच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात माणसे महिनोन् महिने दुसरे काही न मिळाल्याने तेवढेच खात आणि त्यांचे पाय लुळे पडत. १९६१ साली त्याच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रायपूरच्या कृषिविद्यापीठाने हे द्रव्य फार कमी असलेले 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे वाण काढले. आम्ही महातिवराच टाकतो, आणि थंडीत त्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी खातो. लसणाची फोडणी दिली, की तिला दुसरे काही लागत नाही.

आता ज्यासाठी आम्ही हे बोलण्याचे मनावर घेतले, ते सांगतो. उतेरा आमच्या शिवारातून नाहीसा होत चालला आहे. कापणीला बायामाणसे मिळत नाहीत, आणि कापणीचे मोठे यंत्र तासाभरात एकराचा फडशा पाडते. त्या यंत्राचे वजन कित्येक टन. ते ओल्या बांधीत उतरले, की तिवऱ्याची रोपे चाकाखाली जातात. म्हणून यंत्र आणणारा उतेरा टाकीतच नाही. शिवाय यंत्र पैरा तुकडे करून रानभर विखरून टाकते. तो गोळा करण्यापेक्षा पेटविणे सोपे. गेल्या वर्षी त्या आडव्या निळ्या रेघेच्या जागी तीन रात्री काळा पट्टा होता. यंत्र आणणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याच्या घरी दोनच हात आहेत आणि ज्याला धान वेळेत सोसायटीत पोहोचवावयाचे आहे, त्याने काय करावे? आमच्या साडेतीन एकरांच्या कापणीला यंदा अकरा जणी आल्या, त्या दाईंच्या शब्दाखातर. आणि दाईंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जमीन वडिलांच्या पश्चात तिघा भावंडांची आहे. आमचे बंधू पुण्यास असतात, भगिनी नागपुरास. शिवाराच्या तीन बाजूंना प्लॉटांचे खांब उभे राहिले आहेत आणि चौथ्या बाजूचे, म्हणजे आमचे, मोल विचारणारे दर महिन्यास येतात. भावंडांचे म्हणणे, की विकून टाकावी. त्यांचे म्हणणे दुबळे नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. साडेतीन एकर धानात दोघांचे पोट भरते, त्याहून फारसे काही उरत नाही. आमची साठी कधीच उलटली. मुले परदेशी आहेत. ती येथे नांगर धरावयास येणार नाहीत, आणि त्यांनी यावे असा आमचा हट्टही नाही. रात्री-अपरात्री दुखणे आले, तर रुग्णालय भिलाईत किंवा रायपुरात. या सर्वांची उत्तरे आमच्याजवळ नाहीत.

मात्र हिशेब घालताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बंधू आणि भगिनी गेली तीस वर्षे कुम्हारीला येतात, ते मुलांच्या शाळांना सुट्टी लागल्यावर, मे महिन्यात. त्या दिवसांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो. बांध्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, विहीर तळाला गेलेली असते, हमरस्त्याची धूळ कौलांवर बसलेली असते. माणसे दिवसभर कूलरसमोर आंबे खात बसतात आणि संध्याकाळी म्हणतात, ही ओसाडी कशाला सांभाळता? त्यांनी पाहिलेली जमीन ही वैशाखातली जमीन आहे. तिची किंमत करावयाची झाली, तर खांब रोवून चौरस फुटांनीच करावी लागेल. उतेरा त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. वडिलांनी १९९१ साली ही जागा पाहिली होती ती अगहनात, सौदा झाला तोही अगहनात; हे त्यांनी आम्हांला अनेकदा सांगितले होते आणि आम्ही ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून ऐकून घेतले होते.

म्हणून यंदा आम्ही भावंडांना पत्र घातले. फोनवर न बोलता मुद्दाम पत्रच घातले. विकण्यास आमची ना नाही, सहीची जागा मोकळी ठेवली आहे. परंतु एकदा मार्गशीर्षात येऊन चार रात्री राहा, आणि मग सांगा. बंधूंनी प्रथम थंडीतल्या दम्याची सबब सांगितली. भगिनींनी मात्र लागलीच होकार दिला, आणि मग त्यांनीच त्यांना राजी केले. मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेला दोघेही येतात, तिकिटे झाली आहेत. त्या वेळेपर्यंत धान बियाऱ्यात आलेले असेल आणि तिवरा बोट-दोन बोटे वर. आम्ही बाजारातून मातीची नवी गोरसी आणली आहे. निखारे घालून खाटेजवळ ठेवली, की बंधूंना पहाटेचा गारठा बाधणार नाही. नव्या तांदळाचा फरा करण्याचे दाईंनी आपण होऊन अंगावर घेतले आहे. पाहुणे गुरुवारी असतील ना, एवढेच त्यांनी विचारले. असतील, म्हणून सांगितले. मधल्या दोन गुरुवारांपैकी, दोघांच्या महिन्याचा तो गुरुवार आहे.

ते काय ठरवितात, ते आज आम्हांला ठाऊक नाही, आणि त्यांनी काय ठरवावे, हे त्यांना सांगावयाचे नाही, असे आमचे आपसांत ठरले आहे. कोचईची कुंडी ओसरीत जेथे होती तेथेच आहे. कौलांतली गळती शोधावयास त्यांना शिडी लागेल. तीही भिंतीशी लावून ठेवली आहे.

मंडळींपैकी ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी अवश्य यावे. दुर्ग-रायपूर लोकल कुम्हारीला थांबते. स्टेशनावरून आमच्या घरी पायी येता येते. एवढेच, की सकाळच्या पहिल्या गाडीने या. उन्हे अंगणात उतरल्यावर आमच्याजवळ दाखविण्यासारखे फारसे काही उरत नाही. चहा आणि तिवऱ्याची भाजी मात्र मिळेल.